कुत्र्यासाठी म्हणून केलेली पेटी

सुतारकाकांना उरकून टाकणं म्हणून माहीत नव्हतं. खुर्चीचा एक पाय बसवायला दिला, तर अख्खी खुर्ची ठाकठीक करून देणार, वर चार शब्द सुनावणार. बायको म्हणायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौसच आहे यांना!"

युद्ध सुरू झालं आणि खरोखरच लष्कराचं काम आलं. गावाबाहेरच्या तुरुंगात कुत्र्यासाठी पेटी हवी होती. कंबरेएवढी उंच, जाड फळ्यांची, बाहेरून कडी. काकांनी मन लावून केली. मुक्या जनावराला कुसळ टोचायला नको म्हणून आतूनही रंधा मारला. आता आत कोण बघायला जाणार होतं? पण काकाच ते!

काही दिवसांनी कडी अडकली म्हणून बोलावणं आलं. काकांनी ठोकून कडी सोडवली, दार उघडलं, तर आतून माणूस बाहेर पडला. युद्धकैदी. काकांच्या धाकट्या मेव्हण्याएवढा असेल. त्याला उभंच राहता येईना.

तुरुंगाचे साहेब शांतपणे म्हणाले, "काम झकास आहे. पण आतून कशाला एवढे लाड? अजून चार करा. खिळ्यांची टोकं आत राहू देत."

"नाही जमणार, साहेब."

"मग बसा आत. बघू कसं जमत नाही ते."

संध्याकाळी काकांना बाहेर काढलं. घरी बायको त्यांचे गुडघे शेकत रडायलाच लागली. "काय मिळवलंत? दुसरा कोणीतरी करेलच की!"

काकांना तीच तर भीती होती. सकाळी भिंतीला धरत धरत ते गावातल्या एकेका सुताराकडे गेले. "मीच केली, मीच आत बसून आलो. तुम्ही हो म्हणू नका रे बाबांनो." पहिल्याने थट्टा केली, "काका, मापात चुकलात की!" मग त्याचं लक्ष काकांच्या पायांकडे गेलं आणि त्याने पुढे होऊन काकांना आधार दिला.

साहेबांनी धाक दाखवला, आमिष दाखवलं. एकही सुतार बधला नाही. त्या चार पेट्या काही झाल्या नाहीत.

लोक काकांना शाबासकी द्यायला यायचे. काका मान वर करत नसत. पहिली पेटी तुरुंगात होतीच, रोज तिच्यात कोणाला ना कोणाला कोंबत होते. युद्ध संपेपर्यंत ती वापरली, आणि काकांनी कडी सोडवून दिल्यापासून एकदाही दुरुस्तीला काढावी लागली नाही.