कंपाला ते नैरोबी, सव्वा तास

सुजाताचा चौथा फोन आला तेव्हा रविवारची बुद्धवंदना सुरू व्हायला दहा मिनिटं होती, आणि मला बुद्धमूर्तीसमोर बसायचीही लाज वाटत होती. सुजाता माझ्या धाकट्या भावाची, मिलिंदची बायको. ती नैरोबीत, तो कंपालात. साथीमुळे प्रवासी विमानं बंद होती. मिलिंदला सहा दिवस ताप होता, आणि त्या रविवारी सकाळपासून तो फोन उचलत नव्हता.

"सव्वा तास ना, दादा?" ती म्हणाली. "नकाशा उघडून दाखवला होतात तुम्ही."

खरं होतं ते. वर्षापूर्वी दोघं नैरोबीत असताना मिलिंदला कंपालातली नोकरी मिळत होती, तेव्हा ती नको म्हणत होती. मी इथे नेदरलँड्समध्ये, वाखनिंगनला बसून विमानाचं अंतर काढलं. पाचशेवीस किलोमीटर, सव्वा तास. "पुणे-नागपूरएवढंच तर आहे. शुक्रवारी निघाला की जेवायला घरी," असं म्हणून तिला गप्प केलं. भावानेही माझ्यासारखं बियाण्यांच्या संशोधनात नाव काढावं, ही हौस माझी होती. कंपालात आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. आणि इतरांकडे मदत मागायची तर ही सगळी हकीकत सांगावी लागणार, म्हणून मी सहा दिवस कुणाकडे तोंडच उघडलं नव्हतं.

ऑनलाइन वंदनेला तीसेक जण होते. बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाण्याचं त्रिसरण म्हणून झालं. पंचशील संपताच मी माइक सुरू केला आणि सगळं सांगून टाकलं. भावाला मीच तिकडे पाठवलं, तो एकटा आहे, मला काही सुचत नाही. मग कॅमेरा बंद असलेल्या एका चौकोनातून बाईंचा आवाज आला.

"जय भीम, दादा. मी कंपालातच राहते. रडू नका, आधी पत्ता सांगा."

त्या पहिल्यांदाच आल्या होत्या; बहिणीने लिंक पाठवली म्हणून. यजमान औषधांच्या गोदामात कामाला, त्यामुळे संचारबंदीतही त्यांच्या गाडीला फिरायचा परवाना होता.

पुढचे दोन तास सुजाता आणि मी फोन कानाला लावून बसलो. मग ताईंचा निरोप आला. पहारेकऱ्याकडून दार उघडून घेतलं, मिलिंद स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होता. दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावलाय. सुजाता खूप रडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दादा, सकाळपासून काही खाल्लंत का?" तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

आपल्या धम्मात चमत्काराला जागा नाही, आणि मीही याला चमत्कार म्हणत नाही. शरण जाण्याचे शब्द लहानपणापासून पाठ होते. मान मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाकली. मिलिंद बरा होऊन आता नैरोबीतच राहतो. त्या ताईंचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. रोज वंदनेच्या शेवटी त्यांच्यासाठी मंगल कामना करतो, आणि घरातलं काही ठरवायचं असलं की आधी सुजाताला विचारतो.