करीच्या दिवशी छाटलेली सावनी

मौद्याला माहेरी होते. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला की बाई गेल्या. बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. संक्रांत दोन दिवसांवर होती. आई तीळ भाजत होती, तिनं कढई खाली उतरवली. आणि माझ्या मनात काय यावं... आता करीला सावनी कोण छाटणार?

ती सावनी बाईंनी कोराडीच्या क्वार्टरपुढे लावलेली. तिथं वाळत घातलेल्या कपड्यांवर वीज केंद्राची राख, लोणच्याच्या बरणीवर राख. बाई रोज संध्याकाळी तांब्यातांब्यानं झुडपाची पानं धुवायच्या. पावसाळ्यात पतंगीच्या कागदासारखी चुरगळलेली गुलाबी फुलं यायची, थंडीत मात्र पान राहत नसे. मग संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बाई पदर खोचून कात्री घ्यायच्या आणि सगळं झाड गुडघ्याएवढं करून टाकायच्या. मी हळहळले की म्हणायच्या, "आज चांगलं काम कराचं नसते ना? मंग हेच उरकून टाकू."

भासरे, म्हणजे बाईंचे यजमान, रिटायर झाले, आम्ही सगळे प्रताप नगरला आलो. मुळासकट उपटलेली सावनी सामानाबरोबर आली, तीही ऐन थंडीत. भासऱ्यांनी तिला वाळकं लाकूड समजून बंबाच्या जळणात टाकलं. सकाळी पेटवायला घेतलं, तेव्हा बाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पुरली. त्या दिवशी घरात कोणाचीच आंघोळ वेळेवर झाली नाही.

सासूबाईंचं अंथरूण, नणंदांची बाळंतपणं, गावाकडून दवाखान्यासाठी येणारी माणसं... सगळं बाईंच्याच अंगावर. मी हाताशी असायचे, पण घर हाक मारायचं ते त्यांनाच. एकदा छाटून झाल्यावर त्या सावनीजवळच टेकल्या. म्हणाल्या, "पाह्य वं, दोन महिने हिले कोणी काही मागत नाही. आपल्या वाट्याले असे दिवस काहून नाही आले?" मी हसले. तेवढ्यात आतून कोणीतरी चहा मागितला, आणि त्याच उठल्या. या दिवाळीपासून त्या खाटेवर होत्या. तरी डाळ शिजली का, हे तिथूनच विचारायच्या. मला त्यांचा रागच यायचा.

सुतकातच कर आली. मी कात्री घेतली. झाडाले आताच लोखंड लावते का, असं भासऱ्यांनी विचारलं. म्हटलं, आजचा दिवस तसाही वाईटच आहे. तोडलेल्या फांद्या त्यांनीच गोळा केल्या, आणि बंबाकडे नेल्या नाहीत.

परवा खोडावर लालसर कोंब दिसले. भासरे बादली भरून घेऊन आले.

"जागी झाली वाटते. पाणी देऊ?"

"राहू द्या, भाऊजी," मी म्हटलं. "चार दिवस अजून निजू द्या तिले."

त्यांनी बादली पायरीवर ठेवली आणि तिथंच बसून राहिले. बऱ्याच वेळानं उठले, आत गेले, आणि स्वतःच चहाचं आधण ठेवलं.