आवाज गेल्यानंतरची उपकारस्तुती

उपकारस्तुतीच्या, म्हणजे वर्षभराचे देवाचे आभार मानायच्या रविवारी चर्चमध्ये पहिलं गाणं आईच उचलायची. हातकणंगल्याकडच्या शेतकऱ्याची लेक ती. आवाज या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. पप्पा ढोलकीवर, मागं सगळी मंडळी टाळ्या वाजवत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिचा घसा बसला. काढे झाले, औषधं झाली. मिरजेला दाखवलं तर कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायला सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पप्पा तिच्या खाटेजवळ बसून होते.

"काय तरी म्हण की," ते म्हणाले.

घोगऱ्या आवाजात तिला जेमतेम एक कडवं म्हणता आलं. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली आणि ऐकत राहिली. त्यानंतर आई कधी गायली नाही.

त्या वर्षी उपकारस्तुतीला जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. "आभार कशाबद्दल मानायचे, सांगा की," मी पप्पांना म्हणाले. आई मात्र ठेवणीतली साडी नेसून, ऑपरेशनमध्ये श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्रावर पांढरा रुमाल बांधून दारात उभी होती. शाहूपुरीतल्या घरातून आम्ही तिघं चालत गेलो.

चर्चमध्ये लोक देवानं आपल्याला काय दिलं त्याची साक्ष द्यायला उठत होते. कुणाचा मुलगा नोकरीला लागला होता, कुणाची म्हैस सुखरूप व्याली होती, कुणाचं दुखणं बरं झालं होतं. ते बरं झालेलं दुखणं मला फार लागलं. मग आई उठली. तिनं तोंड उघडलं, ओठ हलले, गळ्यातून नुसती हवा आली. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी मान खाली घातली. आई तशीच उभी. मग पप्पांकडे बघून तिनं टाळी वाजवायला सुरुवात केली. पप्पांना ठेका सापडेना. डोळे पुसत त्यांनी तो कसाबसा धरला, बायकांनी गाणं उचललं. मी मात्र गायले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आजार उलटला आणि ती गेली. आपल्याला पोचवताना स्तुतीचीच गाणी म्हणा, ढोलकी घ्या, असं तिनं खुणांनी पप्पांकडून कबूल करून घेतलं होतं.

"मयताला ढोलकी? असं कुठं असतंय व्हय?" शेजारच्या काकू मला हळूच म्हणाल्या.

पप्पांनी ऐकलं. "तिला पायजे हुतं, वहिनी," एवढंच म्हणाले.

कब्रस्तानात ते उभ्यानं वाजवत राहिले. ठेका सारखा चुकत होता, तरी मंडळी गात राहिली. काकूही शेवटी पदर डोळ्यांना लावून टाळ्या वाजवू लागल्या.

सगळे पांगल्यावर पप्पा मातीच्या ढिगाजवळ उकिडवे बसले. "बोलायची न्हाय, पर घर भरल्यागत वाटायचं बघ," ते म्हणाले. "आता जाऊन काय करायचं?"

मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि रिक्षा बघायला आम्ही रस्त्यावर आलो.