नसलेल्या मगरीचा तपास

ती मगर आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आणि मी ती कधी पाहिलेली नाही. कोणीच पाहिलेली नाही. पण तिच्यापायी मी एका निरपराध माणसाला ठाण्यात आणून बसवलं, एका सज्जनाच्या घरात शिरलो आणि वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या. पोलिसांनी आठवणी लिहायच्या त्या पेन्शन सुरू झाल्यावर, असा रिवाज आहे. मी राजीनामा देऊन बाहेर पडलो, वय आज तेहतीस, आणि म्हातारा होईपर्यंत गप्प बसण्याची मला सवय नाही. नावं मात्र कोणाचीच देणार नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी कोलकात्यातच जन्मलेला मराठी माणूस, शहराच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्यात नवा सब-इन्स्पेक्टर. नक्षलवाद्यांच्या धामधुमीचे दिवस, दाराशी वाळूची पोती रचलेली. सकाळच्या हजेरीला पहिला प्रश्न असायचा, काल बॉम्ब कुठे फुटला. अशा ठाण्यात थंडीतल्या एका रविवारी बालीगंजच्या एक काकू त्या पोत्यांना वळसा घालून थेट माझ्या टेबलाशी आल्या. यजमान बँकेत अधिकारी, बदलीवर आलेले. माझ्या आईच्या हळदीकुंकवातली ओळख. त्यामुळे ठाण्यातही मी 'अरे'च.

"अरे, आमचं रजिस्टर चोरीला गेलं. लिहून घे."

"कसलं रजिस्टर, काकू?"

"प्राण्यांचं."

ड्यूटीवरच्या हवालदाराने मान वर केली. "प्राणी गेले की रजिस्टर?"

काकूंनी पुरावा आणला होता: सुतळी बांधलेली पेन्सिल. रजिस्टर त्यांच्या व्हरांड्यात स्टुलावर असायचं, पेन्सिल त्याला बांधलेली. ज्याला जे दिसेल ते त्याने येऊन लिहायचं. शनिवारी चार ते सहा काकू बाजारात होत्या. परत येऊन बघतात तर स्टुलावर नुसती पेन्सिल.

आता हे रजिस्टर काय, ते सांगतो. रेल्वेरुळांच्या पूर्वेला एक मोठी झील, म्हणजे तळं, होती. पलीकडे दलदल, वेताची बेटं, मग शेतं. सरकारी नकाशात त्या जागेपुढे 'पडीक' लिहिलं होतं. पडीक! जिथे कोल्हे राहतात, घोरपडी राहतात, हिवाळ्यात आकाश झाकून अडई बदकं उतरतात, ती जागा पडीक. आणि जिथे सिमेंटची पोती उतरतात ती विकसित! एका ठेकेदाराने वसाहत उठवण्यासाठी दक्षिणेकडून राख आणि माती टाकायला सुरुवात केली होती. रहिवाशांनी अर्ज केला. उत्तर आलं की तेथे उल्लेखनीय प्राणी नाहीत. म्हणून बारा घरांनी दोन वर्षं रोजची नोंद ठेवली. येत्या गुरुवारी सुनावणी होती. रजिस्टर नाही म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणजे उरलेली झीलही जाणार.

आमचे ठाणेप्रमुख, ज्यांना सगळे बडोबाबू म्हणत, त्यांनी फिर्याद वाचून चहाचा पेला खाली ठेवला. "घे लिहून. उद्या कोणी फुलपाखरू हरवलं म्हणून येईल, तेही घे."

मला संशयित शोधावाच लागला नाही. फायदा कोणाचा? ठेकेदाराचा. झिलीकाठी माणूस कोणाचा? ठेकेदाराचा. संध्याकाळी स्टेशनजवळच्या चहावाल्याने खबरही दिली: झिलीवरच्या पहारेकऱ्याकडे लाल कापडात बांधलेली जाड वही पाहिली. रजिस्टर लाल कापडाच्या बांधणीचंच होतं. मी दोन शिपाई घेऊन गेलो, झोपडीतून लाल गठडी जप्त केली, दोन पंच उभे करून पंचनामा केला. गठडी सोडली तर आत पोथी. पंचांपैकी एकाने हात जोडले. लिहिलेला पंचनामा फाडता येत नाही, त्यामुळे मी एका गरीब माणसाची देवाची पोथी रीतसर जप्त केली आणि त्यालाही ठाण्यात आणलं. चूक दिसत असताना माघार न घेणं याला त्या वयात मी बाणा समजत होतो.

पहारेकरी बिहारातल्या छपऱ्याकडचा, पन्नाशीचा. घाबरलेला नव्हता. मी पद्धतशीर सुरुवात केली.

"शनिवारी चार वाजता कुठे होतास?"

"चार म्हणजे कधी, हुजूर? घडी कहाँ है हमारे पास."

"दुपार कलल्यावर."

"घोरपड बांधावर उन्हाला बसली होती तेव्हा, की ती पाण्यात उतरल्यावर?"

हवालदाराने लिहायचं थांबवलं. मी म्हणालो, "उतरल्यावर."

"तेव्हा पीठ मळत होतो. मग अडई आल्या. त्यांचे थवे दोन. लहान आधी येतो, मोठा मागून. मोठा उतरला की मी चूल पेटवतो. मग कोल्हीण बिळाच्या तोंडाशी येते. तिची तीन पिल्लं, त्यातलं एक लंगडतं. लिट्टी भाजल्याचा वास आला की कुंपणापर्यंत येतात, आत कधी नाही. शिस्तीची आहेत. मग ते मासे धरणारं मोठं मांजर, ठिपक्यांचं..."

"मला तू काय पाहिलंस ते नको! तू कुठे होतास ते सांग!"

"तेच सांगतोय, हुजूर. एवढं सगळं दिसलं म्हणजे मी तिथेच होतो ना?"

हवालदार माझ्याकडे बघेना. तीन तास मी त्याला उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना तपशील वाढवतो. याच्या सांगण्यात एक पंखही वाढला नाही. शेवटी सहा वाजेपर्यंतचा जबाब पुरा झाला. तो म्हणाला, "आणि नंतर, हुजूर—" मी म्हणालो, "पुरे."

जबाबाची खातरजमा करणं हे तपास अधिकाऱ्याचं काम. सोमवारी दुपारी मी त्याला सोबत घेऊन, मनगटावर घड्याळ बांधून त्याच्या झोपडीपुढे बाजेवर बसलो. घोरपड उतरली. लहान थवा आला, मोठा आला. कोल्हीण आली, पिल्लं आली, लंगडं शेवटी. आमच्या खात्यात हजेरीला इतकं वेळेवर कोणी येत नसे.

"आणखी काही वेगळं दिसलं होतं शनिवारी?" मी विचारलं. या खेपेला आवाज जरा माणसासारखा होता.

"मंकी टोपीवाले बुढे बाबू. रोज खंड्या दिसला की थांबतात, त्याने मासा धरेपर्यंत हलत नाहीत. शनिवारी खंड्या समोर बसलेला, पण बाबू थांबले नाहीत. शालीखाली काहीतरी धरून भराभर गेले."

झिलीवर मंकी टोपी घालून हिंडणारे म्हातारे बाबू एकच. निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना मास्तरमोशाय म्हणत. रजिस्टर सुरू करणारे तेच, नियमही त्यांचेच: स्वतः पाहिलं तेच लिहायचं, दुसऱ्याच्या नोंदीला हात लावायचा नाही, एकही खाडाखोड नाही, पानांना क्रमांक. खाडाखोड दिसली तर वकील सगळंच खोटं म्हणेल, ही त्यांची भीती.

मी गेलो तेव्हा ते घरातही टोपी घालूनच टेबलाशी बसले होते. पुढे दोन लाल रजिस्टरं उघडी, एक भरलेलं, एक निम्मं.

"या दारोगाबाबू. चोरी मी केली. पण दोन दिवस थांबा, अजून साठ पानं उतरवायची आहेत."

त्यांनी जुन्या रजिस्टरचं पान एकशे अडतीस माझ्यापुढे सरकवलं. काकूंचं गोल अक्षर मी ओळखलं. 'मगर. एक. मध्यम आकार. स्वभाव शांत.'

"आता हे खोडलं तर नियम मोडतो," मास्तरमोशाय म्हणाले, "फाडलं तर क्रमांक तुटतो, ठेवलं तर गुरुवारी सगळे हसतील. मग कोल्हे खोटे, घोरपड खोटी, मी खोटा. म्हणून अख्खं उतरवतोय. मगर सोडून."

"मास्तरमोशाय, बारा घरांच्या नोंदी तुमच्या एकट्याच्या अक्षरात? कायद्याने ही बनावट कागदपत्रं झाली."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. चाळीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडलेल्या माणसाला हे सांगणं माझ्या नशिबी आलं. मी तिथेच काकूंना बोलावून घेतलं. त्यांनी पान पाहिलं आणि पदराने चष्मा पुसायला घेतला.

"सरकारचंच पत्र होतं ना, उल्लेखनीय प्राणी नाहीत म्हणून? कोल्ह्याला कोण विचारतं? म्हटलं, एक उल्लेखनीय देऊ या."

"बौदि, मग वाघ का नाही लिहिलात?" मास्तरमोशाय म्हणाले. बौदि म्हणजे वहिनी.

"वाघ कोणाला पटला असता?"

फिर्याद मागे घेतली गेली. मी डायरीत लिहिलं, 'वस्तू संबंधितांपैकीच एकाकडे मिळाली, तपास बंद.' पोथी परत केली, दोन्ही हातांनी. पण झिलीचं काय? मगर असलेलं रजिस्टर हास्यास्पद आणि मगर नसलेलं बनावट. त्या दोघांना तसं बसलेलं बघून मी पहारेकऱ्याच्या जबाबाबद्दल बोललो. अधिकाराबाहेर बोललो. मला पश्चात्ताप नाही.

गुरुवारी सुनावणीला मूळ रजिस्टरच आणलं. मास्तरमोशाय आधी उभे राहिले आणि म्हणाले, "पान एकशे अडतीसवरची मगर खोटी आहे." ठेकेदाराचा वकील त्यांनी सांगितलं होतं तसाच हसला. "मग बाकीचं खरं कशावरून?" सुनावणीच्या अधिकाऱ्यांनी रजिस्टर मिटून बाजूला सरकवलं. काकू रडायच्या बेतात.

तेव्हा मास्तरमोशायांनी ठाण्यातल्या जबाबाचा विषय काढला. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, जबाब आहे, चार ते सहाचा, आणि मी तो स्वतः तपासला आहे.

वकील उसळला. "पोलिसांच्या दमदाटीखाली माणूस काहीही बोलतो! तो पहारेकरी बाहेर हजर आहे. त्यालाच विचारा!" त्याला पढवूनच आणलं होतं. ठेकेदार पुढच्या खुर्चीवर, त्याच्या थेट समोर.

"पोलिसांनी तुझ्यावर जबरदस्ती केली का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हां, हुजूर. केली."

वकील समाधानाने खाली बसला.

"तीन तास बसवलं. चार ते सहाचंच विचारलं. सहाच्या पुढचं सांगायला लागलो तर हे साहेब म्हणाले, पुरे."

अधिकाऱ्यांनी टेबलावर कोपरं टेकली. "सहाच्या पुढे काय असतं?"

त्याने सांगितलं. उदमांजर ताडावरून कधी उतरतं, मुंगसांची बिळं किती, पाणकोंबडीने या वर्षी घरटं कुठे हलवलं आणि का. दक्षिणेला राख पडायला लागल्यावर कोणकोण यायचं थांबलं, तेही त्याने क्रमाने सांगितलं. अधिकाऱ्यांच्या कारकुनाने दोनदा दौत भरली. ठेकेदार छताकडे बघत होता.

अधिकारी जागा पाहायला स्वतः आले. भराव उत्तरेकडे सरकायचा थांबला. दक्षिणेकडची झील आधीच गेली होती, ती गेलीच. तिथे आज चार मजली इमारती आहेत आणि पावसाळ्यात तळमजल्यात गुडघाभर पाणी असतं. बडोबाबूंनी मला उभं करून सुनावलं की पोलीस अधिकाऱ्याने कोल्हे मोजायचे नसतात. पुढे तीन वर्षांनी मी राजीनामा दिला तो दुसऱ्या कारणांनी. पण त्या दिवशी माझं एक पाऊल ठाण्याच्या बाहेर पडलं होतं.

मी काय शिकलो? आपल्या बाजूने मारलेली थाप शत्रूच्या दहा थापांपेक्षा महाग पडते, हे एक. आता मी निसर्गरक्षणाच्याच कामात आहे; आम्ही कुठेही नोंदी ठेवतो तेव्हा मी पहिल्याच बैठकीत बजावतो: मगर नको. दुसरं मला जास्त टोचतं. दोन वर्षं त्या बारा सुशिक्षित घरांनी दुर्बीण लावून ती झील पाहिली. झोपडी रोज दिसत होती. त्या माणसाला एकानेही काही विचारलं नाही. का, तर तो ठेकेदाराचा! आणि मी विचारलं ते चोर समजून. निसर्ग वाचवायला निघालेले आपण, माणूस दिसला की त्याचा मालक कोण ते आधी बघतो.

त्याची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. काकूंनी खटपट करून त्याला त्यांच्या इमारतीत कामाला लावलं. मी भेटायला गेलो तेव्हा विचारलं, "मालक समोर बसला होता. भीती नाही वाटली?"

तो खरंच गोंधळला.

"भीती कशाची, हुजूर? त्यांनीच तर ठेवलं होतं झिलीवर नजर ठेवायला. सहा वर्षं ठेवली. कधीतरी हिशेब विचारतील म्हणून वाट बघत होतो. त्यांनी विचारलंच नाही."