सुमीच्या गाठी विरघळल्या ती सकाळ

ट्रंक आवरताना सुमीचा शाळेचा फ्रॉक हाती आला आणि रत्नागिरीतली ती सकाळ आठवली. माझ्या सात वर्षांच्या या लेकीच्या मानेला गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी तपासण्या न करताच सूज उतरवायचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी गाठी विरघळल्या आणि फ्रॉकचं बटण गळ्याशी सहज लागलं.

“आये, मला कालपासून शूच होत नाय गो.”

“पाणी पी, होईल,” मी हसत म्हटलं.

सुमीला मुंबईला हलवलं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गाठी कॅन्सरच्या होत्या. सूज उतरवायच्या त्या औषधाने कॅन्सरच्या पेशीही मरतात. गाठी अशा एकदम विरघळल्या की मेलेल्या पेशींचा कचरा रक्तात उतरून मूत्रपिंडं तुंबतात. औषध देण्याआधीच सलाइन लावून लघवी मोजत राहावं लागतं.”

सुमी आठवड्यात गेली. त्या सकाळी मी आनंदाने देवापुढे साखर ठेवली होती, त्याची चीड अजून जात नाही.