समाधानी असल्याची सही

"दात बघून गाव सांगतो मी." डॉक्टर हातातली सळई माझ्या खालच्या दातांवर आपटत शिकाऊ मुलींना म्हणाला. "ही देवणीकडची. त्यातही खालच्या वस्तीतली. हापशाचं पाणी पिऊन वाढलेली."

मुली हसल्या. माझ्या तोंडात कापूस कोंबलेला. मला बोलता येत नव्हतं आणि हे त्याला ठाऊक होतं.

तो खोटं बोलत नव्हता, याचाच जास्त राग आला. गोड्या पाण्याची विहीर वरच्या आळीत. आमच्या वाट्याला हापसा. त्या पाण्यानं अख्ख्या वस्तीचे दात तपकिरी. लातूरला क्लासच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा मालक म्हणाले, "समोर बसायचं तर आधी दातांचं बघा." मी वरच्या सहा दातांना कॅप बसवून घेतल्या. डाग होते, पण दात मजबूत होते. याच डॉक्टरनं ते घासून खुंट करून टाकले. रंग कोणता, हे विचारलंच नाही. मी रंगाचं काढलं तर म्हणाला, "तुमच्या लोकांना पांढराशुभ्रच लागतो."

तीन महिन्यांत हिरडीशी काळी रेघ उमटली. मग वास. मग सकाळी उशीवर पिवळा डाग. फोनवर बोलतानासुद्धा मी तोंडावर हात धरायला लागले. दोनदा जाऊन सांगितलं. दोनदा "सवय होईल" म्हणाला. ही तिसरी खेप.

त्यानं कॅपवर टकटक केलं. कळ थेट डोळ्यात गेली. एक मुलगी वाकून बघायला आली आणि एकदम गप्प झाली. तिनं डॉक्टरकडं बघितलं. त्यानं नुसती मान हलवली. मला कुणी काही सांगितलं नाही.

कापूस काढला. मांडीवर कागद ठेवला. "सही कर. काम समाधानकारक आहे, पुढची जबाबदारी तुझी. मग औषध देतो."

पहिल्या दिवशी अशाच एका कागदावर न वाचता सही केली होती. डॉक्टरसमोर कागद वाचत बसणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं आमच्या घरात शिकवलेलं. या वेळी मी वाचला. सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत.

"आत काय झालंय?"

"आधी सही."

"न्हाई करत. आधी एक्स-रे काढून दाखवा."

तो आवाज चढवत नव्हता, त्याचीच भीती वाटली. म्हणाला, "लातुरातला एकही डॉक्टर तुला हात लावणार नाही. सगळे ओळखीचे आहेत माझ्या."

मी कागद घडी करून पर्समध्ये घातला. "तो ठेव इथं," तो म्हणाला. मी ठेवला नाही.

जिन्यात ती गप्प झालेली मुलगी मागून आली. "ताई, उशीर करू नका. पू हाडापर्यंत गेलाय." एवढं बोलून वर पळाली.

उद्या पहिल्या एसटीनं नांदेडला चालले आहे. तिथंही त्याच्या ओळखीचं कुणी असेल. असू दे. कॅप काढायला लावीन, आत निघेल त्याचा फोटो काढीन. दात जायचे तर जातील. पण ते कुणी घालवले, हे त्याच्या नावासकट तक्रारीत लिहिल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.