राऊटरच्या जागची सुपारी

आमच्या दाजींनी उभ्या जन्मात एकही वस्तू विकत घेतलेली नाही. त्यांच्या घरात जे काही आलं ते सगळं मंजूर होऊन आलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सारी नोकरी त्यांनी एका सरकारी खात्याच्या भांडारात काढली. तिथे तीन कोटेशनांशिवाय टाचणी आत येत नसे. निवृत्त होताना दाजी खुर्ची, पंखा आणि शिपाई मागे ठेवून आले आणि हा एक नियम तेवढा घरी घेऊन आले. कोथिंबिरीची जुडी घ्यायची तरी ते तीन टोपल्यांपुढे उभे राहतात आणि शेवटी पहिलीकडे परत येतात. तोवर पहिलीची कोथिंबीर संपलेली असते, मग सगळी प्रक्रिया रद्द होऊन नव्याने सुरू होते. आमच्या ताईला पाहायला आले तेव्हाही त्यांनी आधी दोन मुली पाहिल्या होत्या. ताई ते अजून विसरलेली नाही. कुणी नवी बाई घरी आली की ती हसत स्वतःची ओळख करून देते, "मी यांचं तिसरं कोटेशन."

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी दाजींचं पान सोडवलं. तोंड रिकामं झालं तशी हातांना चुळबुळ सुटली, आणि दाजी सुतारकामाला लागले. पानाचे जे पैसे वाचतील त्यातच हा छंद भागवायचा, घरखर्चाला हात लावायचा नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि स्वतःलाच लेखी कळवलं. पहिला केला तो पाट. त्याला पाय चार होते, पण एका वेळी तीनच जमिनीला टेकायचे. त्याच्यावर जेवायला बसलं की गप्पा थांबवून आमटीच्या वाटीकडे लक्ष ठेवावं लागे. मात्र हात हळूहळू वळू लागला. वर्षभरात त्यांनी केलेल्या स्टुलावर चढून मी आमच्या घरचा पंखा पुसला आणि धडधाकट खाली उतरलो.

त्याच सुमारास ताईचे गुडघे बिघडले. खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ताईचे देव जमिनीलगतच्या चौरंगावर, आणि तासभर मांडी घालून पूजा केल्याशिवाय तिच्या तोंडात चहा जात नाही. तात्पुरती सोय म्हणून देव फ्रीजवर गेले. ताई उभ्याने पूजा करू लागली, पण फ्रीजचं दार कुणी जोरात लावलं की बाळकृष्ण रांगत काठापर्यंत यायचा. बाजारात संगमरवराचे, प्लायवुडचे, हवे तेवढे देव्हारे मिळत होते. दाजी म्हणाले, बाजारचा नको, मी स्वतः करतो. बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यातलं आमचं घर दुरुस्त करताना निघालेल्या सागवानी फळ्या मी जपून ठेवल्या होत्या, त्या दिल्या. माहेरच्या लाकडाचा देव्हारा म्हटल्यावर ताईचे डोळे असे काही लकाकले की फळ्या विकून टाकायचा माझा मूळ बेत मी कुणालाच सांगितला नाही.

दाजींनी लगेच माप घेतलं. शाळेत मुलांची उंची मोजतात तसं ताईला स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकवून उभं केलं, हात जोडायला लावले, आणि बोटांची टोकं जिथे आली तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारली. शेजारी सही केली. सहीखाली तारीख टाकली. देवांचे पाय या रेघेवर यायचे, म्हणजे ताईला ना वाकावं लागणार ना टाचा उंचवाव्या लागणार. "आधी माप, मंग मंजुरी, मंग खरेदी," दाजी मला म्हणाले, "अन् माप एकदा मंजूर झालं का त्याच्यात खाडाखोड नाही."

खरेदी होती राऊटरची. इंटरनेटच्या डबीला हल्ली राऊटर म्हणतात, तो हा नव्हे. लाकडाची कड गोल करायची, खाच पाडायची, पाकळीसारखी नक्षी काढायची, ते गरगर फिरणारं विजेचं यंत्र. त्याच्या तोंडात हव्या त्या आकाराचं पातं बसवतात, त्याला बिट म्हणतात. देव्हाऱ्याच्या पायांना तळाशी कमळाच्या पाकळ्या हव्यात अशी ताईची हौस, आणि पाकळ्या राऊटरशिवाय होत नाहीत असं दाजींचं मत. मोठा राऊटर पानाच्या पैशांत बसेना. लहान, एका हातात मावणारा बसत होता, पण लहानांतही पाचसहा जाती निघाल्या. दाजींनी खरेदी समिती नेमली. समितीत अध्यक्ष दाजी आणि सदस्य मी. तुलनेच्या तक्त्यावर माझी सही लागते, हे मला सही करताना कळलं.

तक्त्याला एकोणीस रकाने होते. वायर किती लांब, बटण कोणत्या बोटाखाली येतं, मोटरचे कार्बन झिजले तर बुऱ्हाणपुरात मिळतात की इंदूरहून मागवावे लागतात, आवाजाने शेजारी येईल का, सगळं होतं. डब्यावर छापलेल्या वजनावर विश्वास ठेवणारा माणूस भांडारात टिकत नाही, म्हणून इतवाऱ्यातल्या हार्डवेअरवाल्या शेठकडून दाजी दोन यंत्रं उचलून समोरच्या भाजीवालीच्या काट्यावर घेऊन गेले. ती बिचारी मेथी बाजूला सारून राऊटर तोलत बसली, आणि मागे खोळंबलेल्या बायका हा कोणता कंद आहे ते विचारू लागल्या. छापील वजनात आणि काट्यात दोन वांग्यांचा फरक निघाला. दाजींनी तो रकान्यात लिहिला. शेठ भला माणूस. दर वेळी पंखा दाजींकडे वळवायचा, चहा मागवायचा आणि म्हणायचा, "साहब, जिस दिन आप मशीन ले जाओगे, मावा जलेबी मेरी तरफ से." असं म्हणता म्हणता त्याच्या दुकानाचा रंग दोनदा बदलला.

बिट मात्र दाजींनी आधीच घेऊन टाकले. यंत्र म्हणजे भांडवली खरेदी, त्याला तीन कोटेशनं लागतात. बिट म्हणजे झिजणारा माल, त्याला लागत नाहीत. मोबाइलवरच्या चित्रफितीतला एक पोरगा कळकळीने सांगत होता की नवख्याने आधी स्वस्तातला बारा बिटांचा डबा घ्यावा, त्यातले जे दोनतीन सारखे लागतात ते समजले की तेवढेच पुढे चांगल्या प्रतीचे घ्यावेत. मला ते पटलं. दाजींना नाही. बारांतले नऊ पडून राहणार, आणि पडून राहिलेला माल म्हणजे भांडारबाबूच्या कपाळावरचा डाग. त्यांनी नेमके तीन घेतले: एक गोलाईचा, एक खाचेचा आणि एक पाकळीचा. महागातले, चकचकीत. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ते कपाटात गेले आणि यंत्राची वाट पाहू लागले.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघरी हत्यारांची पूजा असते. दाजींनी करवत, रंधा, हातोडी धुऊनपुसून पाटावर मांडली, त्याच डुगडुगत्या पाटावर. तीन बिट ओळीने ठेवले आणि मधोमध वीतभर जागा मोकळी सोडली. ती कशासाठी, असं ताईने विचारलं. राऊटरसाठी, दाजी म्हणाले, प्रक्रिया सुरू आहे. पूजेत जो हजर नाही त्याच्या जागी सुपारी मांडतात. ताईने दाजींचा बंद पडलेला पानाचा डबा उघडला, त्यातली शेवटची सुपारी काढली आणि राऊटर म्हणून मांडली. दाजींनी तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि मनोभावे नमस्कार केला. मी हसलो तर समितीतून काढून टाकण्याची धमकी मिळाली, आणि मला ती गोडच वाटली.

दुसऱ्या वर्षी तीच सुपारी पुन्हा बसली. मधल्या काळात इतवाऱ्यातलं एक दुकान बंद पडलं, कोटेशनं दोनच उरली आणि प्रक्रिया नव्याने सुरू झाली. तिसऱ्या कोटेशनासाठी आम्ही पॅसेंजरने चांदनीला गेलो. तिथला एक फर्निचरवाला आपला वापरलेला राऊटर विकत होता. दाजींनी यंत्र कानाशी धरलं, नाकाशी धरलं, पोटावर टिचक्या मारल्या. यंत्र उत्तम होतं, पैशांतही बसत होतं. पण त्याने कोटेशन एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिलं. तसल्या कागदाला ग्राह्य धरावं की नाही, यावर दाजींनी तीन आठवडे विचार केला आणि ग्राह्य धरलं. तोवर यंत्र तिसऱ्याच गावी गेलं होतं, आणि पत्रिकेतल्या लग्नाला आहेर पाठवावा का, एवढाच प्रश्न समितीपुढे उरला.

या साऱ्यात ताई एकदाच, फ्रीजवरच्या देवांना फूल वाहताना, म्हणाली, "अहो, देव काय फ्रीजवरच म्हातारे होतीन?" तेव्हा ती एक हात फ्रीजला टेकून उभी होती. पुढे वॉकर आला. मग उभ्याने पूजाही होईना. दाजी रोज सकाळी देव उतरवून ताटात मांडायचे, ताट टेबलावर ठेवायचे, आणि ताई खुर्चीत बसून पूजा करायची. झाली की दाजी देव पुन्हा वर चढवायचे. हे त्यांनी एक दिवसही चुकवलं नाही.

तिसऱ्या वर्षी तिसरं कोटेशन जमलं, आणि ऐन दसऱ्याला शेठकडचा राऊटर घरी आला. सुपारी उठली. ती परत पानाच्या डब्यात टाकायला मी उचलली तर ताईने माझ्या हातातून घेतली. तीनदा पूजा घेतलेली सुपारी खायची कशी, म्हणाली, आणि हळदकुंकवाच्या डबीत ठेवून दिली. दाजींनी फडकं सोडलं, पाकळीचा बिट काढला आणि यंत्राच्या तोंडात घातला. जाईना. दुसरा घातला. जाईना. बिटांची दांडी पाव इंची आणि यंत्राचं तोंड सहा मिलिमीटरचं! फरक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. एकोणीस रकान्यांत वायर होती, वजन होतं, शेजारी होता. बिट तोंडात जातो की नाही हा रकाना नव्हता. दाजींनी तक्ता दोनदा वरून खाली वाचला. मग खालची माझी सही मला दाखवली.

दुसऱ्या दिवशी शेठने गल्ल्याशेजारच्या खणातून यंत्राला बसवायची, पाव इंची तोंडाची बोटाएवढी कडी काढून हातावर ठेवली. वर मावा जिलेबी. ही विचारली असतीत तर पहिल्याच दिवशी दिली असती, असं तो हिंदीत अगदी नम्रपणे म्हणाला. दाजी जिलेबी खात राहिले.

पण मग दाजींनी जे काम केलं, त्याला तोड नाही. टाकाऊ तुकड्यांवर महिनाभर हात बसवला. घरभर सागवानाची भुकटी, चहातसुद्धा. गुढीपाडव्याला देव्हारा उभा राहिला तेव्हा मी दाजींची थट्टा करायचं विसरलो. कडा लोण्यासारख्या गुळगुळीत, पायांना सरळ खाचा, आणि चारी पायांच्या तळाशी कमळाच्या पाकळ्या, एकीसारखी दुसरी. देवांची पायरी भिंतीवरच्या रेघेच्या अगदी बरोबरीला. दाजींनी देव मांडले आणि ताईची खुर्ची समोर आणून ठेवली.

ताई बसली. तिच्या डोळ्यांसमोर देवांच्या पायरीची खालची बाजू होती. देव वर कुठेतरी होते, तिला मुकुटांची टोकं दिसत असतील. ती म्हणाली, "पाय फार सुरेख झाले हो." मग दोन्ही हात देव्हाऱ्याला टेकून उठायला गेली, अर्धी उठली आणि परत बसली. दिसतात की, असू द्या, म्हणाली. रोज तिला खुर्चीत बसवणारा माणूस, रोज देव खाली उतरवणारा माणूस, आणि त्याने देव्हारा केला तो तीन वर्षांपूर्वी उभ्या असलेल्या ताईसाठी.

मला वाटलं आता वही निघणार, सुधारित अंदाज होणार, समिती बसणार. दाजींनी देव एकेक करून टेबलावर ठेवले. देव्हारा गादीवर आडवा केला. ताईपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "हात जोड." तिने बसल्या बसल्या जोडले. बोटांची टोकं कुठवर येतात ते त्यांनी पाहिलं आणि चारी पायांवर नखाने खूण केली, तळापासून दीड वीत वर. करवत घेतली. मी न राहवून म्हणालो, "दाजी, पाकळ्या जातील. पाय वरून सोडवून तिकडून कापा ना."

"त्याले दोन दिवस लागतीन," दाजी म्हणाले. "पूजा आज आहे."

पाऊण तासात चारी पाय झाले. तीन वर्षांच्या पाकळ्या चार ठोकळे होऊन गादीवर पडल्या. देव्हारा जरा बुटका, जरा बोडका दिसत होता, आणि एकदाही डुगडुगला नाही. ताईने बसल्या जागेवरून देवांना हात लावून पाहिला, एकेकाला, जसा गावाहून आलेल्या पाहुण्यांना आपण लावतो. मग डबीतली सुपारी काढली आणि बाळकृष्णाशेजारी ठेवली. ती अजून तिथेच आहे.

गेल्या दिवाळीत दाजींनी घर रंगवायला काढलं. अर्थात तीन रंगारी बोलावले. तिघांनाही दर विचारण्याआधी स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं आणि ती पेन्सिलीची रेघ दाखवली. एवढी जागा सोडून रंगवायचं, म्हणाले. तिघांत जो नेमला त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की साहेबांना तिथे काही बसवायचं आहे का. मी दाजींकडे पाहिलं. ताई आत खुर्चीत बसून वाती वळत होती. दाजींनी रेघेवरची धूळ बोटाने पुसली, जपून, रेघ न पुसता.

"काही बसवायचं नाही," ते म्हणाले. "मंजूर माप आहे ते. राहू दे."